कसब: पदराचं आणि हाताचं

बडोद्यात कसब विकत मिळतं, तेही वजनावर. मांडवीच्या आसपास किनार-पट्टीच्या कुठल्याही जुन्या दुकानात जाऊन कसब मागितलं, की दुकानदार जरीच्या फिरक्या पुढे ठेवतो आणि पहिला प्रश्न विचारतो, साची हवी की इमिटेशन? गुजरातीत कसब म्हणजे जर. आपल्या मराठीतही हा अर्थ होताच. कसबी पदर, कसबी काठ, कसबाचं लुगडं हे शब्द माझ्या आत्याच्या तोंडी रोजचे होते. पुण्या-मुंबईकडच्या माझ्या भाचरांना ‘कसबी काठ’ म्हटलं, की कुणीतरी कुशल हातांनी विणलेला काठ एवढंच डोळ्यांपुढे येतं. त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण काठात चांदी आहे हे त्यांना त्या शब्दातून कळत नाही, आणि आत्याला आधी तेच कळत असे.

आत्या शालू बघायला घ्यायची तो आधी पदर उलटा करून. मागच्या बाजूला सुटलेलं एखादं टोक चिमटीत धरायची आणि नखानं हलकेच उलगडायची. आत पिवळं किंवा तांबडं रेशीम दिसायला हवं. त्यावर गुंडाळलेली चपटी तार घासली की खालून पांढरी निघायला हवी. तांबूस निघाली, की घडी घालून शालू परत. दुकानदार काही बोलत नसे, कारण तिच्यापुढे बोलण्यात अर्थ नाही हे त्याला ठाऊक असे.

ती तार कशी होते ते ऐकण्यासारखं आहे. चांदीची कांब घ्यायची, जुन्या पद्धतीत तिच्यावर सोन्याचा पातळ पत्रा चढवायचा, आणि मग पोलादी पट्टीतल्या एकाहून एक बारीक भोकांतून ती ओढत न्यायची. कांबीची सळई होते, सळईची तार, तारेचा केस. चांदी लांबत जाते तसं वरचं सोनंही लांबत जातं, तुटत नाही. शेवटी हा केस ठोकून चपटा करायचा. त्याला बादला म्हणतात. तो बादला रेशमाच्या धाग्यावर असा गुंडाळायचा, की दोन वेढ्यांत फट राहायची नाही आणि वेढा वेढ्यावर चढायचाही नाही. आता सोन्याचा मुलामा शेवटी विजेच्या साहाय्याने देतात. सुरतेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे आणि आमच्याकडचा माल बहुतेक तिथलाच. पॉलिएस्टरची चमकती पट्टी आल्यापासून साची जर मागणारे कमी झाले. पण लग्नाच्या खरेदीत अजूनही एखादी म्हातारी पदर उलटा करते, आणि मला बरं वाटतं.

मी पुष्कळ वर्षं समजत होते, की ज्या हाताला कसब आहे त्यानं केलेली म्हणून जरीलाही कसब म्हणत असावेत. अगदी सरळ वाटणारी व्युत्पत्ती. प्रत्यक्षात हे अरबीतले दोन वेगळे शब्द आहेत. एक ‘कस्ब’, म्हणजे मिळवणं, कमाई, पोटाचा उद्योग. दुसरा ‘क़सब’, म्हणजे मुळात वेत, बोरू, आणि पुढे तलम कापड व सोन्यारुप्याचा तार. दोन्हींचा ‘क’ वेगळा, ‘स’ही वेगळा. फारसीच्या वाटेने दोन्ही आपल्याकडे आले, आपल्या जिभेला ते फरक उच्चारायचे नव्हते, आणि दोन्हींचं ‘कसब’ झालं. गावाच्या पेठेचं नाव असलेला ‘कसबा’ मात्र या दुसऱ्या ‘क़सब’च्याच अरबी कुळातला, कमाईच्या ‘कस्ब’शी त्याचा संबंध नाही. ‘कस लागणे’मधला कस तर संस्कृतातला, कसोटीच्या दगडाचा. पण कसबाला कस लागतो असं आपण इतक्या सहज बोलतो, की हे सगळे एकाच घरातले असावेत असा भास होतो. भाषेत अशी दत्तक नाती पुष्कळ असतात आणि ती रक्ताच्या नात्यांइतकीच टिकतात.

मला मोह पडतो तो पहिल्या शब्दाचा. कौशल्यासाठी आपल्याकडे शब्दांना तोटा नाही. नैपुण्य आहे, प्रावीण्य आहे, हातोटी, हातखंडा, वाकबगारी, तरबेज, निष्णात, पारंगत. यातले निम्मे संस्कृतातून शिक्षणाचा सुवास घेऊन आलेत. पारंगत माणूस विद्येच्या पैलतीराला पोचलेला असतो, निष्णात तर त्यात न्हाऊन निघालेला. कसब मात्र बाजारातून आलं. त्याच्या मुळाशीच कमाई आहे. ज्याच्यावर पोट चालतं ते कसब. हळूहळू पोटाचा भाग मागे पडला आणि हाताचा पुढे आला, तरी शब्दाला लागलेला तो वास गेलेला नाही. म्हणून आपण कवीला कसबी म्हणताना थोडे अडखळतो. म्हटलंच तर त्याच्या वृत्तांच्या बांधणीबद्दल म्हणतो, प्रतिभेबद्दल नाही. शल्यचिकित्सकाचं कसब म्हणतो, रोगनिदान करणाऱ्या वैद्याचं सहसा नाही. तिथे ‘ज्ञान’ म्हणतो. वकिलाचं कसब उलटतपासणीत, गवंड्याचं ओळंब्यात. जिथे हात, जीभ किंवा नजर प्रत्यक्ष कामाला लागते आणि काम फसलं तर तिथल्या तिथे दिसतं, तिथे मराठी माणूस आपोआप हा शब्द काढतो. कुणी त्याला नियम शिकवलेला नसतो.

हा शब्द आज सर्वांत जास्त जपलाय तो क्रिकेटच्या बातम्यांनी, हे मी अगदी मनापासून मान्य करते. ‘कसबी फिरकी गोलंदाज’, ‘फलंदाजांचं कसब पणाला लागलं’ ही वाक्यं घासून गुळगुळीत झालीत खरी, पण शब्द जिवंत राहिला. आणि बडोदेकराला ‘कसबी फलंदाज’ म्हटलं की एकच माणूस आठवतो, विजय हजारे. 1946-47च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध बडोद्याच्या हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या जोडीसाठी 577 धावांची भागी केली. गुल महंमद 319, हजारे 288. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये कुठल्याही जोडीसाठीचा तो विक्रम 2006 पर्यंत टिकला. त्याच हजाऱ्यांनी पुढच्या वर्षी ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघासमोर एकाच कसोटीत दोन शतकं काढली, 116 आणि 145. जुन्या राजवाड्याजवळच्या ओट्यांवर या खेळ्यांची चर्चा करणारे म्हातारे मी लहानपणी ऐकलेत. ते हजाऱ्यांच्या फटक्यांबद्दल फार बोलत नसत. चेंडू सोडायचा कधी, यावर त्यांचं सगळं कौतुक असे.

आमच्या गावाला या शब्दाशी आणखी एक नातं आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1890 साली कलाभवन काढलं. नाव कलाभवन, पण आत शिकवायचं काय, तर सुतारकाम, यंत्रकाम, कापड रंगवणं, विणकाम, आणि त्याच छपराखाली चित्रकला. या संस्थेचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. सुरतेचे, सुतार समाजात जन्मलेले, रसायनशास्त्राचे प्राध्यापक. कारागिराला त्याचं शास्त्र त्याच्याच भाषेत शिकवायचं हा त्यांचा आग्रह होता, म्हणून धडे गुजराती-मराठीतून. इंग्रजी येत नाही म्हणून रंगाऱ्याच्या मुलाला रसायन कळू नये, हे त्यांना पटत नसे. मला वाटतं, सुताराच्या घरात वाढलेल्या माणसालाच हे इतकं स्वच्छ दिसू शकतं. शाळेत गेलेल्या माणसाला कारागिराचं अज्ञान लवकर दिसतं, त्याचं ज्ञान दिसायला वेळ लागतो.

गज्जरांची एक गोष्ट सांगायलाच हवी. 1896 साली चापेकर बंधूंनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं. संगमरवर सच्छिद्र असतो, डांबर आत मुरतं. खरवडावं तर दगड जातो, आम्ल लावावं तर दगड विरघळतो. हा पुतळा शेवटी स्वच्छ केला तो गज्जरांनी, आणि त्यानं त्यांचं नाव सगळीकडे झालं. राजकारण बाजूला ठेवू. डाग काढायचा आणि दगडाला कळू द्यायचं नाही, या कामाला कसब सोडून मला दुसरा शब्द सुचत नाही. पुढे 1907 साली गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटीभास्कर व अमीन यांनी अलेम्बिक या औषध कंपनीची सुरुवात केली. आज बडोद्यात औषधनिर्मितीवर किती घरं चालतात ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. रंगाच्या हौदापासून औषधाच्या कारखान्यापर्यंतची ही वाट त्या मूळ अरबी शब्दाला धरूनच गेली. हातात विद्या, आणि विद्येतून घर चालणार.

दादासाहेब फाळकेही या कलाभवनात शिकले. चित्रकला, छायाचित्रण, साच्यातून मूर्ती घडवणं, जे दिसेल ते त्यांनी हाताखालून घातलं. लंडनच्या 1912 सालच्या फेरीत त्यांनी कॅमेऱ्याबरोबर फिल्मच्या कडेला भोकं पाडण्याचं यंत्रही मिळवलं, कारण कच्ची फिल्म तेव्हा भोकांशिवाय यायची आणि ती भोकं आपणच, अंधारात, सारख्या अंतरावर पाडायची असत. एक जरी भोक सरकलं तरी पडद्यावर चित्र थरथरणार. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांनी पाहिला, तेव्हा लोकांना राजा दिसला, राणी दिसली. ती भोकं कुणाला दिसली नाहीत, आणि दिसू नयेत म्हणूनच तर एवढी मेहनत होती. फाळक्यांना आपण चित्रमहर्षी म्हणतो. म्हणावंच. पण महर्षी म्हणताना तो अंधारातला हात विसरला जातो, याची मला हळहळ वाटते.

आता या शब्दाची दुसरी बाजू. तिच्याबद्दल लिहिणं टाळता येत नाही आणि टाळूही नये. कसबी हा पुरुषाला मान आहे. त्याचंच स्त्रीलिंग केलं, की मराठीत कसबीण होते आणि अर्थ वेश्या असा होतो. हिंदी-उर्दूत तर नुसतं ‘कसबी’ म्हटलं तरी तोच अर्थ होतो. मुळात कमाई एवढाच अर्थ असलेला शब्द. पुरुषानं हातानं कमावलं तर त्याला कसब म्हणून डोक्यावर घेतलं, बाईनं कमावलं तर तिची कमाई एकाच जागी असणार असं भाषेनं ठरवून टाकलं. हे एकट्या या शब्दाचं झालेलं नाही. कलावंत आणि कलावंतीण शेजारी शेजारी ठेवून पाहा. नायक आणि नायकीण पाहा. तीनही जोड्यांत पुरुष वर जातो, बाई खाली.

बडोद्याच्या दरबारात कलावंतांचं एक स्वतंत्र खातं होतं, त्याचं नाव कलावंत कारखाना. गवई, बीनकार, तबलजी, नर्तकी सगळे त्याच्या पटावर. पगार, हजेरी, रजा यांचे नियम. उस्ताद फैयाज खाँ याच दरबाराचे गायक. सयाजीरावांची पहिली राणी चिमणाबाई तंजावरची. तिच्या लग्नासोबत, म्हणजे 1880च्या सुमाराला, तंजावरी नर्तकी आणि त्यांचे साथीदार बडोद्यात आले. आज जिला आपण भरतनाट्यम म्हणून गौरवतो ती विद्या या बायकांनी लहानपणापासून अंगात मुरवलेली होती. सरकारी वहीत त्यांच्या नावापुढे वेतन लिहिलं जायचं, गवयाच्या नावापुढे लिहिलं जायचं तसंच. वहीनं तेवढा न्याय केला. बोलीनं केला नाही. आमच्या घरातल्या जुन्या बायका ‘तंजावरवाल्या’ म्हणताना आवाज खाली आणत, हे मी ऐकलेलं आहे. ज्यांच्या पायांत इतकं कसब होतं त्यांना कसबी हा शब्द मानानं कधीच मिळाला नाही.

हे सगळं मनात घोळत होतं त्याच सुमाराला आमच्या एका मंडळानं एका कारागिराचा सत्कार करायचं ठरवलं आणि मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. हे काका दांडियाबाजारात तंतुवाद्यं दुरुस्त करतात. सुरसागराकाठच्या संगीत महाविद्यालयातले विद्यार्थी, गावातले गवई, बाहेरून आलेले बैठकीचे कलाकार, सगळ्यांचे तंबोरे त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांचं मुख्य काम जवारी काढणं.

तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात ती वरून सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला अगदी किंचित उतार असतो. तार थरथरताना त्या उताराला जागोजागी स्पर्शत राहते, आणि म्हणून तंबोरा नुसता टणत्कार न करता झंकारतो. वाजवून वाजवून तार घोडीत आपला चर पाडते, उतार बिघडतो, आवाज मिटतो. मग काका तारा बाजूला सारतात, कानशीनं घोडी घासतात, तार पुन्हा चढवतात, छेडतात, कान लावतात. पुन्हा उतरवतात. तारेखाली दोरा सरकवून जागा शोधतात, केसभर पुढे, केसभर मागे. खुली जवारी हवी की गोल, हे ते गवयाला विचारत नाहीत. त्याला दोन ओळी गायला लावतात आणि ठरवतात. कानशीचा एक हात जास्त पडला, तर सगळी घोडी पुन्हा पहिल्यापासून. मी समोर बसून पाहिलंय. एका तारेला त्यांनी दुपार घालवली, आणि मध्ये एकदा बराच वेळ नुसते बसून राहिले. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, “रिक्षा जाऊ द्या सगळ्या. कान दमलाय.”

मंडळानं दिलेल्या कच्च्या मसुद्यात ‘थोर कलावंत’ असे शब्द होते. मी ते खोडून ‘कसबी’ लिहिलं. बैठकीत एका ज्येष्ठ गृहस्थांनी लगेच हरकत घेतली. त्यांचं बालपण उज्जैनकडे गेलेलं, त्यांच्या कानाला हा शब्द हिंदीतूनच ऐकू येत होता. कागद चौकटीत बसवून भिंतीवर लागणार, हिंदी वाचणारं कुणी वाचील, बरं दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या एका बाईंनी सुचवलं, कारागीर म्हणा. तिसऱ्यांना कारागीर हलकं वाटलं. मी माझी बाजू मांडली, की कलावंत म्हणून आपण त्यांना मोठं करत नाही. जे त्यांचं नाही ते त्यांना देतो, आणि जे त्यांचं आहे ते नाकारतो. तास-दीड तास हे चाललं. अखेर विशेषण गेलं आणि नाम राहिलं. ‘ज्यांच्या हातच्या कसबामुळे बडोद्यातले तंबोरे बोलते राहिले’ असं वाक्य सगळ्यांना चाललं. मला पूर्ण समाधान नव्हतं, पण हरकत घेणाऱ्यांचंही खोटं नव्हतं. शब्दाच्या अंगावर जे साचलंय ते माझ्या एकटीच्या आग्रहानं धुऊन निघणार नाही.

मसुदा वाचून दाखवायला मी काकांच्या दुकानात गेले. त्यांनी कानस खाली ठेवली नाही, पण पूर्ण ऐकलं. कसब या शब्दावरून झालेला वादही मी सांगितला. त्यावर ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, छान लिहिलंय. पण यात दुकानाचा पत्ता कुठाय?”

मी म्हटलं, मानपत्रात पत्ता घालत नाहीत.

“का? सत्कार झाला म्हटल्यावर लोकांना वाटेल हा माणूस आता बसला घरी. मी बसलो नाही. गिऱ्हाइकाला कळायला नको?”

मंडळात पुन्हा चर्चा झाली. मानपत्र म्हणजे जाहिरात नव्हे, असं कुणीतरी म्हणालंच. या वेळी मात्र मी हटले नाही, कारण या वेळी शब्दाचा अर्थ माझ्या बाजूनं होता. शेवटच्या ओळीत, दिनांकाच्या वर, पत्ता छापला. प्रूफ दाखवायला नेलं तेव्हा काकांनी चष्मा लावून तेवढीच ओळ दोनदा वाचली.

“दुपारी दोन ते चार बंद असतं,” ते म्हणाले. “तेही घाला.”

घातलं.